सर्वांत वाईट निवड कोणती?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय येऊन गेले आहेत. त्यांच्या रांगेत रग्बीसारखा धसमुसळा खेळ आणून बसवावा, आणि त्यातही चर्चा करावी ती उत्तम खेळाडूंची नव्हे तर निकृष्ट खेळाडूंची व फसलेल्या निवडींची, हे पाहून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावतील. त्याला आमची हरकत नाही. उत्तम खेळाडू कोण, या वादात माणसे आपली आवड सांगतात. वाईट निवड कोणती, या वादात ती आपला न्याय सांगतात. आणि एखाद्या समाजाचा न्याय कसा चालतो हे पाहायचे असेल, तर न्यायालयाइतकेच क्रीडांगणही उपयोगी पडते, असे आम्हांला वाटते.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पंधरा विरुद्ध पंधरा, चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचे. पण पुढच्या गड्याकडे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’. आणि प्रतिपक्षाने नियम मोडला की दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू मारण्याची संधी, ती ‘पेनल्टी’. हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या करंडकासाठी झुंजतात तो ‘कलकत्ता कप’ नावाचा करंडक कलकत्त्याच्या रग्बी क्लबाने, क्लब बंद पडताना उरलेले चांदीचे रुपये वितळवून करविला आणि १८७८ साली इंग्लंडला दिला. म्हणजे खेळ आपल्याकडे रुजला नाही, पण आपले रुपये मात्र तिकडे अजून झळकत आहेत!

आजच्या चर्चेसाठी आम्ही न्यूझीलंड हा देश घेतला आहे. लोकवस्ती थोडी, पण या एका खेळात शंभराहून अधिक वर्षे जगाला धाक. काळ्या पोशाखामुळे त्यांच्या राष्ट्रीय संघाला ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणतात. त्या संघात कोण आला आणि कोण वगळला, हा तेथे घरोघर जेवणाच्या टेबलावर लढला जाणारा विषय आहे. अशा देशात ‘सर्वांत वाईट खेळाडू कोण’ आणि ‘सर्वांत वाईट निवड कोणती’ या वादाला तोटा असणार नाही हे उघड आहे. तो वाद आपण येथे थोडा शिस्तीने करून पाहू.

प्रथम खेळाडू घेऊ. स्टीफन डोनाल्ड हे नाव एके काळी त्या देशात शिवीसारखे उच्चारले जाई. ३० ऑक्टोबर २०१० रोजी हाँगकाँग येथे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना होता. ऑस्ट्रेलियाचा त्याआधी न्यूझीलंडकडून ओळीने दहा वेळा पराभव झालेला. डॅन कार्टर या जगद्विख्यात खेळाडूच्या जागी डोनाल्ड उत्तरार्धात उतरला. न्यूझीलंड २४-१९ असा पुढे होता आणि वेळ संपत आली होती. चेंडू मैदानाबाहेर मारून टाकला असता की काम झाले असते. डोनाल्डने मारलेला चेंडू बाहेर गेला नाही. ऑस्ट्रेलियाने तो घेतला, जेम्स ओ’कॉनरने शेवटच्या क्षणी ट्राय केला, त्यानेच पुढची लाथही अचूक मारली, आणि सामना २६-२४ असा फिरला. झाले! सगळ्या पराभवाचे खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटले. २०११ ची विश्वचषक स्पर्धा न्यूझीलंडातच व्हावयाची होती. तिच्यासाठी निवडलेल्या तीस जणांत डोनाल्ड नव्हता, आणि त्याबद्दल हळहळणारे लोकही फारसे नव्हते.

पण पुढे काय झाले पाहा. १ ऑक्टोबरला सराव करताना कार्टर जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड उपान्त्यपूर्व सामन्यात जायबंदी झाला. तिसरा ॲरन क्रूडन. आता चौथा माणूस हाताशी हवा म्हणून मुख्य मार्गदर्शक ग्रॅहॅम हेन्री डोनाल्डला फोन करीत होते, आणि डोनाल्ड वायकाटो नदीवर जाळे घेऊन बारीक मासे धरीत बसला होता. फोन उचलायला जागेवर होता कोण? अखेर निरोप पोहोचला. २३ ऑक्टोबर २०११, ऑकलंडचे ईडन पार्क, फ्रान्सविरुद्ध अंतिम सामना. चौतिसाव्या मिनिटाला क्रूडनचा गुडघा गेला आणि डोनाल्ड अंगाला आखूड होणारा पोशाख घालून मैदानात उतरला. त्या दिवशी लाथा मारण्याचे काम ज्याच्याकडे होते त्या पिरी वीपूचे तीन नेम आधीच चुकले होते. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पेनल्टी मिळाली. ती डोनाल्डने मारली. तीन गुण. न्यूझीलंड ८, फ्रान्स ०. मग फ्रान्सने सात गुण केले, आणि सामना संपला तेव्हा फलकावर ८-७ असा आकडा होता. १९८७ नंतर चोवीस वर्षांनी विश्वचषक घरी आला तो त्या तीन गुणांनी.

आता आम्ही विचारतो, हा वाईट खेळाडू की चांगला? पाय तोच, माणूस तोच, आणि दोन्ही वेळची लाथ एकेकच. चटकन ‘चांगला’ म्हणण्याचा मोह होतो; पण तेही तितकेच घाईचे आहे. ती पेनल्टी खांबाला लागून परत आली असती, तर हाच माणूस जन्मभर दुप्पट अपराधी ठरला असता, आणि त्याच्या अंगच्या गुणांत तिळमात्र फरक पडलेला नसता. म्हणजे ज्याला आपण ‘सर्वांत वाईट खेळाडू’ म्हणतो तो पुष्कळदा फक्त सर्वांच्या डोळ्यांसमोर, अखेरच्या क्षणी चुकलेला खेळाडू असतो. पाचव्या मिनिटाला चुकणाऱ्याचे नाव कोणी लक्षात ठेवीत नाही.

दुसरे उदाहरण जुने आहे. १९४९ साली न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेत गेला आणि चारही कसोटी सामने हरला. केपटाउनच्या पहिल्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेने एकही ट्राय केला नाही. ओकी गेफिन नावाच्या त्यांच्या खेळाडूने पाच पेनल्ट्या मारल्या आणि सामना १५-११ असा जिंकून दिला. हा गेफिन महायुद्धात कैद होऊन युद्धबंद्यांच्या छावणीत राहिलेला माणूस. उलट बाजूला न्यूझीलंडचा फुलबॅक बॉब स्कॉट. अनवाणी पायानेही मैदानाच्या मध्यापासून गोल मारणारा म्हणून त्याची ख्याती. पण त्या दौऱ्यात त्याच्या लाथा मोक्याच्या वेळी चुकल्या, आणि त्याचे दुःख त्याने पुढे स्वतःच बोलून दाखविले. त्या काळी पेनल्टीला ट्रायइतकेच, म्हणजे तीन गुण मिळत. तेव्हा लाथ मारणारा चुकला की सगळा संघ बुडाला. असे असूनही प्रतिपक्षाचे मार्गदर्शक डॅनी क्रेव्हन यांनी याच स्कॉटची गणना आपण पाहिलेल्या थोर खेळाडूंत केली. ज्याला घरचे लोक पराभवाचा धनी ठरवतील, त्याला शत्रू मोठा म्हणतो. शत्रूच्या या साक्षीला आम्ही बरेच मोल देतो. कारण तिच्यात स्वार्थ नसतो.

तेव्हा खेळाडूंना आपण या खटल्यातून मुक्त करू. जो खेळाडू कमी पडतो तो काही रात्री भिंत चढून संघात शिरलेला नसतो. त्याला कोणी तरी निवडलेले असते. म्हणून आता निवड करणाऱ्यांना पिंजऱ्यात उभे करू.

त्यांच्यावरचे आरोप बरेच आहेत. १९२८ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात न्यूझीलंडने पहिली कसोटी १७-० अशी गमावली. संघात मार्क निकोल्स हा अनुभवी, डोकेबाज आणि लाथेचा पक्का खेळाडू होता. पण पहिल्या तिन्ही कसोट्यांत त्याला बाहेर बसविले. चौथ्या कसोटीत खेळविला, तेव्हा न्यूझीलंडच्या तेरा गुणांपैकी दहा त्याने एकट्याने मिळविले आणि सामना १३-५ असा जिंकून मालिका बरोबरीत सोडविली. आधीच खेळविला असता तर?

१९९० सालचा वेन शेलफर्डचा प्रसंग तर अजून लोकांच्या जिभेवर आहे. लोक त्याला प्रेमाने ‘बक’ म्हणत. तो कप्तान असताना संघ एकही कसोटी सामना हरला नव्हता. सामन्यापूर्वी जे ‘हाका’ नावाचे माओरी वीरनृत्य होते, त्याला त्याची खरी ऐट आणि शिस्त परत आणून देणाऱ्यांत हा माओरी कप्तान अग्रभागी होता. स्कॉटलंडविरुद्धची मालिका जिंकल्यावर निवड समितीने त्याला एकदम वगळले. त्याच मोसमात ऑस्ट्रेलियाकडून पराभव पदरी आला. ‘बकला परत आणा’ असे फलक मग देशभरच्या मैदानांवर दिसू लागले, आणि पुढे कित्येक वर्षे, जगात कोठेही सामना असो, ते दिसत राहिले.

आणि २००७ साल! हेन्री यांच्या समितीने बावीस खेळाडूंना त्या वर्षीच्या ‘सुपर १४’ स्पर्धेतील सुरुवातीच्या सामन्यांतून काढून व्यायामाला लावले. सामन्यागणिक संघ बदलण्याचे धोरण ठेवले. ६ ऑक्टोबरला कार्डिफ येथे फ्रान्सशी गाठ पडली तेव्हा मिल्स मुलियाना या फुलबॅकला त्याची जागा सोडून मधल्या फळीत खेळविले. सामना २०-१८ असा गेला आणि न्यूझीलंड उपान्त्यपूर्व फेरीतच घरी परतले. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधी चेंडू पुढे फेकला गेला होता आणि पंचांना तो दिसला नाही, ही तक्रार खरी आहे. पण अंगण वाकडे असले तरी नाचणाऱ्याने थोडे तरी नाचावे लागतेच.

हे तीन आरोप गंभीर आहेत. तरीही आम्ही या तिन्ही प्रसंगी निवड करणाऱ्यांना जन्मठेप देणार नाही. निकोल्सला बाहेर ठेवणारे, शेलफर्डला काढणारे, मुलियानाची जागा बदलणारे हे सर्व लोक आपल्या समजुतीप्रमाणे सामना जिंकण्याचाच प्रयत्न करीत होते. त्यांचा अंदाज चुकला. अंदाज चुकणे हा अपराध नव्हे. तो निवड या कामाचाच एक भाग आहे. ज्या हेन्री यांच्या २००७ च्या पराभवानंतर त्यांना हाकलून द्या असा ओरडा झाला, त्यांनाच पदावर ठेवले आणि त्यांनीच २०११ चा चषक मिळविला. पश्चात्बुद्धीला सगळेच स्पष्ट दिसते. पण निवड करावी लागते ती सामन्यापूर्वी.

मग सर्वांत वाईट निवड कोणती? आमच्या मते तिला दोन लक्षणे हवीत. एक, निवड करणाऱ्याला ती करतानाच ठाऊक असले पाहिजे की, आपण अधिक योग्य माणसाला वगळीत आहोत. दुसरे, ते वगळण्याचे कारण खेळाच्या बाहेरचे असले पाहिजे. या कसोटीला निकालाची गरज नाही. सामना जिंकला तरी अशी निवड वाईटच राहते.

या कसोटीवर पहिले नाव येते ते आपल्या कानाला ओळखीचे वाटेल. ‘रणजी’ विल्सन! नॅथॅनिएल आर्थर विल्सन हा न्यूझीलंडचा दणकट फॉरवर्ड. वडील वेस्ट इंडियन, आई इंग्लिश. वर्ण सावळा, म्हणून सवंगड्यांनी त्याला आपल्या रणजितसिंहांचे नाव दिले. १९०८ ते १९१४ या काळात तो ऑल ब्लॅक्सकडून खेळला. महायुद्ध संपल्यावर न्यूझीलंडच्या सैनिकांचा एक संघ १९१९ साली दक्षिण आफ्रिकेत खेळावयास गेला. त्यातून विल्सनला वगळण्यात आले, कारण यजमानांना काळा-सावळा माणूस मैदानावर नको होता. युद्धात गोऱ्यांशी खांद्याला खांदा लावलेला चालतो, पण खेळात चालत नाही, असा हा न्याय!

१९२१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडात आला. नेपिअर येथे तो माओरी संघाविरुद्ध ९-८ असा कसाबसा जिंकला. त्या सामन्यानंतर एका दक्षिण आफ्रिकी बातमीदाराने मायदेशी तार पाठविली. तिच्यात गोरे प्रेक्षक आपल्याच वर्णाच्या लोकांविरुद्ध माओरींना उत्तेजन देत होते याबद्दल किळस व्यक्त केली होती. ती तार फुटली आणि छापली गेली. म्हणजे यजमानांचे मन कसे आहे हे १९२१ नंतर कोणालाही अज्ञात नव्हते.

आणि तरीही १९२८ साली काय झाले? जॉर्ज नेपिया हा माओरी फुलबॅक एकोणिसाव्या वर्षी १९२४-२५ च्या दौऱ्यावर गेला होता. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स येथील प्रत्येक सामन्यात, एकही सुटी न घेता, तो खेळला. आणि तो संघ एकही सामना हरला नाही. ‘अजिंक्य’ हे नाव त्या संघाला इतिहासाने दिले आहे. असा खेळाडू १९२८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात नव्हता. जिमी मिल हा उत्तम हाफबॅकही नव्हता. फारसा गाजावाजा न करता माओरींना घरी ठेवण्यात आले. नेपियाचा खेळ उतरला होता काय? १९३० साली ब्रिटिश संघ न्यूझीलंडात आला तेव्हा चारही कसोट्यांत फुलबॅक कोण होता? नेपियाच! एवढे एक उत्तर पुरे आहे.

१९४९ साली तेच. जॉनी स्मिथ, बेन काउच, व्हिन्स बेव्हन हे माओरी रक्ताचे खेळाडू घरी राहिले. आणि मग ३ सप्टेंबर १९४९ हा दिवस उजाडला. त्या एकाच दिवशी न्यूझीलंडचा एक संघ डर्बनला दक्षिण आफ्रिकेकडून आणि दुसरा संघ वेलिंग्टनला ऑस्ट्रेलियाकडून हरला. दोन संघ, दोन देश, दोन पराभव. काही लोक म्हणतात, ही त्या पापाची शिक्षा. आम्ही तसे म्हणणार नाही. १९४९ चे चारही सामने न्यूझीलंडने जिंकले असते तरी ती निवड तितकीच हीन ठरली असती. पराभवाने पाप सिद्ध होत नाही आणि विजयाने ते धुऊन निघत नाही. बॉब स्कॉटच्या चुकलेल्या लाथांवर लोक वर्षानुवर्षे बोलले. जे बोटीवर चढलेच नाहीत त्यांच्यावर किती बोलले?

या निवडीच्या समर्थकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, आम्ही माओरींना नेत नाही ते त्यांच्याच भल्यासाठी. तिकडे त्यांचा अपमान होईल, तो आम्हांला पाहवणार नाही. वरवर पाहता यात कणव दिसते. परंतु ज्याचा अपमान होणार त्याला घरी बसविणे आणि जो अपमान करणार त्याच्या घरी जेवायला जाणे, याला कणव म्हणत नाहीत. दार बंद करणारा तिकडचा होता हे खरे. पण कडी आतून यांनी लावली होती.

१९६० साली मात्र लोक गप्प बसले नाहीत. ‘माओरी नाहीत तर दौरा नाही’ ही घोषणा घेऊन सभा झाल्या, मोर्चे निघाले, सुमारे दीड लाख लोकांनी अर्जावर सह्या केल्या. चोवीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात दीड लाख सह्या! त्याच वर्षी मार्चमध्ये शार्पव्हिलचा गोळीबार झाला होता. सरकारने हात झटकले, रग्बी संघटनेने कान बंद केले, आणि गोऱ्यांचाच संघ गेला. पण ते बी वाया गेले नाही. १९६७ चा दौरा संघटनेलाच रद्द करावा लागला. १९७० साली सिड गोइंगसारखे माओरी आणि सामोअन वंशाचा एकोणीस वर्षांचा ब्रायन विल्यम्स संघातून गेले, पण कसे? ‘मानद गोरे’ म्हणून! माणसाला माणूस म्हणून आत घेता येत नाही, तेव्हा त्याला गोरेपणाची मानद पदवी द्यावयाची! विल्यम्सने तिकडे असा खेळ केला की, मैदाने त्याच्या नावाने दुमदुमली. यजमानांच्या सिद्धान्ताचे याहून चांगले खंडन तर्कशास्त्रालाही जमले नसते.

१९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडात आला, तेव्हा देश उभा दुभंगला. हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. त्या वेळी ऑल ब्लॅक्सचा कप्तान ग्रॅहॅम मूरी याने, आपण या मालिकेत खेळणार नाही, असे सांगितले. कप्तानपद, कीर्ती, आयुष्यात पुन्हा न येणारी संधी, सर्व सोडून त्याने स्वतःच स्वतःला वगळले. आज आपण वाईट निवडींची यादी करीत आहोत. पण त्या देशाच्या इतिहासातली एक उत्तम निवड सांगा म्हणाल तर आम्ही ही सांगू. ती कोणत्याही समितीने केली नव्हती.

पुढे २०१० साली, मे महिन्यात, न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने वगळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर क्षमा मागितली. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेनेही मागितली. नेपिया तोवर हयात नव्हता. रणजी विल्सन तर १९५३ सालीच गेला होता. उशिरा मागितलेली क्षमा मृतांना उपयोगी पडत नाही हे खरे. पण ती जिवंतांच्या यादीत नाव नोंदविते, की येथे एक जागा रिकामी होती, आणि ती कोणाची होती ते आम्हांला ठाऊक आहे.

श्रोतेहो, दुसऱ्याच्या घरातली ही धुणी धुताना आपले अंगण विसरून चालणार नाही. मुंबईच्या मैदानावर हिंदू संघातून खेळणारे पाळवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही, कारण ते ज्या जातीत जन्मले तिला स्पृश्य म्हणत नसत. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल कप्तान झाले, तोवर बाळूंचे दिवस मागे पडले होते. न्यूझीलंडने निदान यजमानाचे निमित्त सांगितले. आपल्याला तेही सांगता येत नव्हते. यजमानही आपण, पाहुणेही आपण आणि निवड समितीही आपणच.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. उद्या एखादा खेळाडू अखेरच्या क्षणी चुकला आणि आपला संघ हरला, तर त्याच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी डोनाल्ड आठवा. निवड समितीचा अंदाज चुकला तर तिला खुशाल दोष द्या; पण तिचा हेतू काय होता हे विचारून मग द्या. आणि सर्वांत वाईट निवड शोधायची असेल तर संघाची छापील यादी वरून खाली वाचून ती सापडणार नाही. जे नाव तेथे असायला हवे होते आणि नाही, त्याचा शोध घ्या. हाच नियम क्रीडांगणावर लागू आहे, आणि जेथे जेथे कोणी तरी कोणाची तरी निवड करतो, त्या शाळेत, कचेरीत, सभागृहातही तोच लागू आहे.